पाटी काढण्याचे खाते कोणते?

जिथे जुना रस्ता गावात शिरतो आणि नवा बायपास गावाला वळसा घालून निघतो, अशा महामार्गावरील एखाद्या फाट्यावर पावसाळ्यातील संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, म्हणजे आमच्या रस्तेकारभाराविषयी जे ज्ञान होते, ते कोणत्याही खात्याच्या वार्षिक अहवालातून होणार नाही. उंच कमानीवरची कोरी हिरवी पाटी पुण्याला जाण्यासाठी सरळ जा म्हणून सांगत असते. आणि डाव्या हाताला, बाभळीच्या फांद्यांत अर्धवट लपलेली, दोन गंजक्या खांबांवर कललेली जुनी पाटी त्याच पुण्याचा बाण बाजारपेठेकडे दाखवीत असते. परप्रांतातून आलेला एखादा लांबलचक ट्रेलर क्षणभर घुटमळतो, मागच्या एसटीचा भोंगा वाजतो, आणि चालक गडबडून डावीकडे वळतो. चहाच्या टपरीवरचा मनुष्य हातातला फडका हलवीत ओरडतो, "ओ, तिकडं नका जाऊ, पाटी जुनी हाय!" परंतु तोवर ट्रेलरचे तोंड बाजारात शिरलेले असते, आणि पुढचा तासभर हातगाड्या, रिक्षा व शाळा सुटून आलेली मुले त्याच्या चाकांभोवती वाट शोधीत राहतात. वाटसरूला खरा मार्ग सांगण्याचे जे काम राज्यसंस्थेचे, ते या फाट्यावर एक टपरीवाला रोज बिनपगारी करीत असतो.

रस्त्यावरची पाटी म्हणजे लोखंडाचा रंगविलेला पत्रा नव्हे. ती शासनाने प्रवाशाला दिलेला शब्द आहे. रात्रीच्या वेळी, अनोळखी मुलुखात, ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला त्या शब्दाची शहानिशा करण्यास सवड नसते; तो त्यावर विश्वास टाकतो, कारण न टाकण्याचा पर्यायच त्याच्यापुढे नसतो. किंबहुना विश्वास टाकण्याची त्याच्यावर कायद्याने सक्ती आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११६ व्या कलमाने संकेतफलक उभारण्याचा अधिकार शासनाला दिला, आणि ११९ व्या कलमाने ते पाळण्याचे कर्तव्य चालकावर घातले. दुसऱ्या कोणी लावलेली पाटी वा जाहिरात चालकाची दिशाभूल करीत असेल, तर ती काढून टाकण्याची मुभाही त्याच ११६ व्या कलमात आहे. आमचा सवाल एवढाच की, दिशाभूल करणारी पाटी खुद्द शासनाचीच असेल, तर ती कोणी काढावयाची?

हा सवाल किती जुना झाला आहे, याचा दाखला राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांत सापडतो. २०१० साली केंद्र शासनाने सर्व राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. ज्या तत्त्वावर ते दिले, ते तत्त्व निःसंशय सुबुद्ध होते. दक्षिणोत्तर मार्गांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे; पूर्वपश्चिम मार्गांना विषम क्रमांक, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे; आणि शाखामार्गाच्या तीन अंकांतील शेवटचे दोन अंक त्याच्या मूळ मार्गाचे. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येणारा रस्ता १६६ क्रमांकाचा आहे, तो याच न्यायाने. कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या ६६ ची ती शाखा आहे. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे, त्याला नुसत्या अंकावरून देशाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा करता येईल. परंतु हा हिशेब लोकांना सांगण्याची तसदी कोणी घेतली, आणि जुने अंक पुसण्याची तजवीज कोणी केली? सातारा-कोल्हापूरचा रहिवासी आपल्या रस्त्याला अद्याप 'एनएच फोर' म्हणतो; वस्तुतः तो रस्ता आज दिल्लीहून चेन्नईला जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग आहे, आणि चार हा आकडा समुद्रापलीकडे अंदमानात गेला आहे. कोकणचा 'सतरा नंबर' हा अंक आता बंगाल-आसामच्या मुलुखात नांदतो. पुणे-नाशिक रस्ता पूर्वी ५० होता, तो ६० झाला; आणि नवा ५० निघाला तो आमच्याच राज्यातल्या नांदेडहून, कर्नाटकाकडे जाण्यासाठी. जुन्या दगडावरचा ५० आणि नव्या पाटीवरचा ५० हे एकाच राज्यात दोन निराळ्या रस्त्यांची नावे सांगतात. लोकांनी सवयीने जुना अंक उच्चारावा, यात नवल नाही. पण दगडाला आणि पत्र्याला सवय नसते, त्यांना फक्त धनी असतो, आणि त्या धन्याने त्यांच्याकडे फिरकून पाहिलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, अंकाने काय बिघडते? पूर्वीही १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, रस्त्यावरचे मैल गेले, किलोमीटर आले, आणि आपण आजही 'मैलाचा दगड' म्हणतोच की! हा दृष्टान्त आमच्या बाजूचा आहे. मैल भाषेत राहिला, पण दगडावरून गेला. म्हणून त्याने कोणाची वाट चुकविली नाही. येथे जुना अंक भाषेतही राहिला आणि दगडावरही राहिला. त्याचे मोल कळते ते अपघाताच्या वेळी. रात्री दोन वाजता उलटलेल्या गाडीतून कसाबसा बाहेर पडलेला मनुष्य १०८ ला किंवा महामार्गाच्या १०३३ या क्रमांकाला दूरध्वनी करतो, आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो की, आपण कोठे आहात? भोवती अंधार, गावाचे नाव ठाऊक नाही. विजेरीच्या उजेडात जवळचा पिवळ्या माथ्याचा दगड दिसतो, त्यावरचा अंक तो वाचून दाखवितो. मार्गाचा क्रमांक बदलला, आरंभबिंदू बदलला, म्हणजे किलोमीटरची मोजणीही बदलते. दगड मात्र जुनाच हिशेब सांगत राहतो. जखमी माणसाचा जीव ज्या घटकेवर अवलंबून असतो, ती घटका असा एक दगड खाऊन टाकू शकतो.

अंकांचे जे झाले, तेच नावांचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले २०२३ साली. अहमदनगरचे अहिल्यानगर त्यानंतरच्या वर्षी. नामांतराच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु राजपत्रात एका दिवसात घडलेला बदल रस्त्यावर तुकड्या-तुकड्यांनी उतरतो, आणि तामिळनाडूहून कांदा भरावयास आलेल्या चालकाला एका पाटीवर एक नाव व दहा किलोमीटर पुढे दुसरे नाव दिसले, तर ती दोन शहरे आहेत असे त्याने समजावे, यात त्याचा काय कसूर? काही वर्षांपुरते नव्या नावाखाली लहान अक्षरांत पूर्वीचे नाव लिहिण्याचा साधा उपाय आहे. तो सर्वत्र सारखा योजिला असता, तर कोणाच्याही अभिमानाला धक्का न लागता प्रवाशाची सोय झाली असती. आणि जेथे नाव बदललेले नाही, तेथेही पाटीने किती सावध असावे, हे खेडच्या उदाहरणावरून कळावे. पुणे-नाशिक मार्गावर एक खेड, ज्याच्या मुख्य गावाला राजगुरुनगर म्हणतात. मुंबई-गोवा मार्गावर रत्नागिरी जिल्ह्यातले दुसरे खेड. आणि पुणे-सातारा मार्गावर खेड-शिवापूर. तीन राष्ट्रीय महामार्ग, तीन खेड! नुसते 'खेड' लिहून मोकळे होणारा लेखनिक स्थानिकांसाठी पाटी लिहितो. स्थानिकांना तर पाटीची गरजच नसते.

खोट्या वाटेपेक्षाही घातक असा एक प्रकार आहे, तो म्हणजे खोटा इशारा. रस्ता होऊन गेला, मक्तेदाराचा तंबू उठला, खडी-डांबराचे मिक्सर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पण 'पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश हाका' ही पाटी आणि तिच्या शेजारचा ताशी ४० चा तांबडा वर्तुळाकार फलक मात्र ऊनपाऊस सोशीत उभाच आहे. चालक पहिल्या दिवशी वेग कमी करतो, दुसऱ्या दिवशी इकडेतिकडे पाहतो, आणि तिसऱ्या दिवशीपासून त्या पाटीकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. एकदा हे शिक्षण पुरे झाले, म्हणजे पुढच्या खेपेस खरोखरच रस्ता खणलेला असला, तरी त्याचा पाय ब्रेककडे जात नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण बालवयात ऐकतो. येथे खोटे ओरडणारा पोर नसून सरकार आहे, आणि लांडगा मात्र खराच आहे. तीच तऱ्हा 'अपघातप्रवण क्षेत्र' या फलकाची. सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, म्हणजे त्या जागेची नोंद 'ब्लॅक स्पॉट' म्हणून होते. नंतर तिथले वळण सुधारावयाचे, उतार कमी करावयाचा, दिवे लावावयाचे. फलक हा त्या दुरुस्तीपर्यंतचा तात्पुरता इलाज. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी फलक हीच दुरुस्ती होऊन बसली आहे.

हे असे का व्हावे? पाट्यांचे शास्त्र आमच्याकडे नाही, असे नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने संकेतफलकांची संहिता १९७७ सालीच प्रसिद्ध केली. २०१२ आणि २०२२ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. वर्तुळ आज्ञा करते, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो, इथपासून अक्षरांची उंची किती व वळणाच्या किती अलीकडे फलक हवा, इथपर्यंत सर्व काही तीत आहे. उणीव शास्त्राची नसून कारभाराच्या एका जुन्या खोडीची आहे. आमच्या प्रशासनाला उभारणे येते, उतरविणे येत नाही. पाटी लावली की मोजमाप होते, नोंदवहीत नोंद होते, बिल निघते, प्रसंगी उद्घाटनही होते. पाटी काढली तर कोणाच्या पदरी काय पडते? त्यात एकाच रस्त्याचे धनी अनेक. काही भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही रस्ते विकास महामंडळाकडे, शहराची हद्द लागली की महापालिकेकडे, आणि सर्वांच्या वर ज्याच्या त्याच्या मुदतीपुरता एकेक मक्तेदार. नवी पाटी लावणारा जुनीला हात लावीत नाही, कारण ती दुसऱ्याच्या दप्तरातली. आणि ज्याच्या दप्तरातली ती आहे, त्याला रस्ता आपल्याकडून गेल्याचा आनंद झालेला असतो.

आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा असताना पाट्यांची एवढी मातब्बरी कशाला, असाही युक्तिवाद ऐकू येतो. घाटात जेथे खरी गरज, तेथेच त्या नकाशाची रेंज जाते, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. परंतु ज्या शासनाचे पोलीस वाहन चालविताना हातात मोबाइल धरला म्हणून चलान करतात, त्याच शासनाने वाट मोबाइलमध्ये पाहा असे सुचवावे, हे सुसंगत नव्हे. आणि दंड होतो तो मोबाइलमधील नकाशा मोडल्याबद्दल नव्हे, पाटी मोडल्याबद्दल होतो. मक्तेदाराने विसरून ठेवलेल्या ४० च्या फलकापुढे ६० ने गेलेल्या चालकाला ई-चलान येऊ शकते. तो फलक विसरणाऱ्याला कोणते चलान जाते?

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९८ अ हे कलम आले, त्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे न केल्यास अधिकारी, सल्लागार वा मक्तेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्या कसुरीमुळे कोणी मेला पाहिजे, किंवा अपंग झाला पाहिजे. त्याशिवाय हे कलम जागे होत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर व द्रुतगती मार्गांवर. यातले किती मृत्यू चुकीच्या पाटीने ओढवले, ते कोणी वेगळे मोजीत नाही. पंचनाम्यात चालकाचा हलगर्जीपणा लिहिला जातो, पाटीचा जबाब घेतला जात नाही.

आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. रस्त्याच्या प्रत्येक कंत्राटात पाट्या उभारण्याच्या कलमाबरोबर जुन्या पाट्या उतरविण्याचे कलम असावे, आणि ते पुरे झाल्याशिवाय अखेरचे बिल अदा होऊ नये. तात्पुरत्या फलकावर त्याची मुदत छापावी, आणि मुदत टळल्यावर त्या फलकाच्या आधारे कोणाकडूनही दंड घेऊ नये. दरवर्षी पावसाळ्यानंतर महामार्गाच्या प्रत्येक टप्प्याची पाहणी व्हावी, ती दिवसा एकदा व रात्री एकदा. आणि पाहणीच्या गाडीचा चालक त्या भागातला नसावा, म्हणजे तो पाटी वाचूनच गाडी हाकील. शेवटची मागणी सर्वांत लहान आहे. पाटीचे तोंड सर्वांसाठी असते, पण तिची पाठ कोरी असते. त्या पाठीवर उभारणीची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख, जबाबदार कचेरीचे नाव व दूरध्वनी एवढे चार ओळींत लिहावे. मग फाट्यावरच्या टपरीवाल्याला दिवसभर फडका हलवीत ओरडावे लागणार नाही. पाटीमागे जाऊन तो एकदाच दूरध्वनी करील, आणि पाटी काढण्याचे खाते कोणते, हे त्याला तरी कळेल.