‘वैद्यकीय’ की ‘इतर’?

वजन उतरवलेल्या माणसाच्या पोटावर उरलेली कातडी हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात भर दुपारी राहुरीहून नगरला एसटीने जावं. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं.) बसलं की पोटाची घडी मांडीवर टेकते. आत घाम साचतो, तिथे वारा पोचत नाही. परकराची नाडी घडीच्या वर बांधली तर साडी खाली घसरते, खाली बांधली तर नाडी कातडीत रुतते. घरी येऊन घडी उचलली की आत लालभडक, सोलवटलेलं, वास मारणारं पोट असतं. मी हे दोन उन्हाळे रोज बघितलंय.

माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट तीन इंच. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षात ५४ किलो गेले. मधुमेहाची गोळी बंद झाली, जिने चढता येऊ लागले. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या निम्म्या कामाची, ज्याला सगळे मिळून ‘चोचले’ म्हणतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘व्यायाम कर, आवळून येईल,’ हे मला जिममधल्या पोरापासून आत्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, कातडी नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे तुटलेले असतात. सैल झालेलं इलॅस्टिक कितीही धुतलं तरी आवळत नाही. तेलं, क्रीमं, पट्टे यांनी फक्त विकणाऱ्याचं भलं होतं. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ती खाजेवरची ट्यूब? तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी आणखी पातळ होते आणि बुरशी जोमाने परत येते. त्वचेच्या डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं, घडी आहे तोवर हे येतच राहणार.

आता विम्याकडे या. २०१९ मध्ये आयआरडीएआयने आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यानुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा गंभीर आजारांसोबत ३५ असेल, आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर वजनाची शस्त्रक्रिया मिळू शकते. माझा बीएमआय ४६ होता, मला मिळाली. पण त्याच यादीत थोडं खाली प्लास्टिक सर्जरीचं कलम आहे. ती अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी चालते, किंवा तब्येतीला ‘थेट आणि तात्काळ’ धोका असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर. माझ्या कंपनीचं उत्तर आलं: तात्काळ धोका दिसत नाही. बरोबर आहे, मी मरत नव्हते. फक्त रोज थोडी सोलली जात होते.

म्हणजे ज्या उपचाराचे पैसे विम्याने दिले, त्याच उपचाराने उरलेली कातडी मात्र माझी हौस! करखात्याचीही तीच नजर. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेत आरोग्यसेवेला सूट आहे, त्यातून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी बाहेर. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यांनी बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तेवढाच अपवाद. वजन उतरल्यानंतरची कातडी या शब्दांत कुठेच नाही.

‘स्वतः खाऊन वाढवलं, मग भोगा,’ हा युक्तिवाद मी तोंडावर ऐकलाय. पॉलिसीत ‘अपघात’ या शब्दापुढे ‘हेल्मेट घातलं असेल तरच’ असं लिहिलेलं नाही. अपघातात सोललेल्या कातडीला कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. आमच्याकडेच का?

आणि प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांचा उद्योग, हे तरी कुठून आलं? १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याची हकिकत छापून आली. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक कापलं. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, आणि ते वाचून युरोपातले सर्जन हे तंत्र शिकू लागले. नाक नसतानाही तो जिवंतच होता, ‘तात्काळ धोका’ त्यालाही नव्हता. तरी ‘कशाला हवं नाक?’ असं आज ती गोष्ट वाचणारा कोणी म्हणत नाही.

वजनाच्या बातम्यांनीही घोळ घातलाय. २०११ मध्ये नितीन गडकरींनी, २०१४ मध्ये अरुण जेटलींनी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया घराघरांत कळली, हे चांगलंच झालं. पण आपल्याला सवय लागली ती आधीच्या आणि नंतरच्या फोटोची, आणि दोन्ही फोटोंत माणसाने कपडे घातलेले असतात.

मी शेवटी सोनं तारण ठेवलं. पतसंस्थेतल्या पोराने अर्ज भरताना विचारलं, “ताई, कारण काय टाकू? वैद्यकीय की इतर?” मी वैद्यकीय सांगितलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ‘इतर’वर खूण केली. मी खोडायला लावली. रांगेतल्या एक मावशी हसल्या. हसू देत.

ज्यांना रील्सवर ‘ममी मेकओव्हर, सोपे हप्ते’ दिसतात, त्यांच्यासाठी हेही सांगते. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जखमेची रेघ, पोटातून बाहेर नळ्या, कित्येक आठवडे पट्टा. पायात रक्ताची गाठ होण्याचा, कातडीखाली पाणी साचण्याचा धोका. पहिले काही दिवस मी वाकूनच चालले. वजन काही महिने स्थिर नसेल, सिगारेट चालू असेल किंवा मूल व्हायचं असेल, तर थांबा. ही माहिती लपवून हप्ते विकणारी क्लिनिक्सच विमा कंपन्यांच्या हातात कोलीत देतात. त्यांच्या जाहिराती बघून कोणीही म्हणेल की हा हौसेचा मामला आहे.

मला सगळ्यांना सपाट पोट फुकट नकोय. स्नायू आवळणं, बेंबी नव्याने बसवणं, हे वाटल्यास रुग्णाच्या खिशातून जाऊ द्या. फक्त लोंबणारी कातडी काढणं, ज्याला पॅनिक्युलेक्टमी म्हणतात, ते वेगळं धरा. अमेरिकेत अनेक विमा कंपन्या घडी किती खाली येते आणि औषधं घेऊनही चट्टे किती महिने राहिले, हे तपासून त्याचे पैसे देतात. आयआरडीएआयने त्या कलमात अपघात, भाजणं, कर्करोग यांच्या शेजारी आणखी एक शब्द घालावा, अटींसकट. आणि वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने पहिल्याच भेटीत सांगावं की नंतर कातडी उरेल आणि तिचा खर्च आजच्या घडीला तुमचा. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तोवर क्लेम नाकारला गेला तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, मात्र नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत त्वचेच्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं आणि तारखेसकट फोटो जोडा. फोटो घडी उचलून काढा. लाज वाटेल, तरी काढा. माझी फाइल सध्या तिथेच आहे, सतरा फोटोंसकट.