उंबरमाळी आणि आपला ओसाड माळ

मराठी कथा-कवितेत माळ आला की तो उजाड, भकास नाहीतर फोंडा असतोच. वर्गात आपणही ‘एकाकीपणाचे प्रतीक’ एवढे सांगून मोकळे होतो. या आळसाविरुद्ध साक्ष द्यायला शहापूर तालुक्यातील उंबरमाळी हे एक नाव पुरेसे आहे.

खर्डी आणि कसारा यांच्यामधले स्थानक म्हणून प्रवाशांना ते ठाऊक असते. ‘माळी’ पाहून कुणी त्यात जात शोधेल, कुणी उंबरांची माला गुंफेल. परंतु घरी, दारी, रानी यांसारखी ही जुनी सप्तमी मानली, तर अर्थ सरळ लागतो: उंबराच्या माळावर. उंबर ओलाव्याच्या आधाराने वाढतो. ज्या माळाची ओळखच उंबर आहे, तो ओसाड कसा?

‘मेघदूता’तील मेघ ‘माल’ क्षेत्रावर चढतो, तेव्हा तेथे नुकत्याच नांगरलेल्या मातीचा गंध असतो. मल्लिनाथ या शब्दाचा अर्थ उंचवट्याची जमीन असा देतो. ठाणे जिल्ह्यात हा अर्थ अजून जिवंत आहे. भातखाचरांच्या वरच्या या वरकस जमिनीवर नागली-वरई पिकते, गुरे चरतात, राबासाठी गवत आणि पालापाचोळा मिळतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्यासाठी माळ हा पोटाशी जोडलेला शब्द आहे. देशावरचा माळ कोरडा, हे मान्य; पण तोही रिकामा नाही. माळढोकाने आपले नाव त्याच्याकडूनच घेतले.

मग ही ओसाडी आली कोठून? ब्रिटिश महसूलव्यवस्थेने जमिनीची प्रत साऱ्यावरून ठरवली. केंद्र शासनाच्या २००० पासूनच्या पडजमिनींच्या नकाशासंग्रहांत झुडुपी जमीन आणि खालावलेली कुरणे ‘पडजमीन’ म्हणूनच मोजली गेली. भूगोलाच्या पुस्तकात मात्र प्रेअरी, पंपास, स्टेप यांना ‘गवताळ प्रदेश’ हा मान! ‘प्रेअरी’ या फ्रेंच शब्दाचा अर्थही मुळात साधे कुरण एवढाच आहे.

शब्दांचे अर्थ बदलतातच, असे कुणी म्हणेल. बदलतात, परंतु हा बदल माळावर राहणाऱ्यांनी केलेला नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा याच तालुक्यातून खुला झाला. रस्त्यामागून जमिनीचे गिऱ्हाईक येते, आणि ‘ओसाड’ जमीन घेताना कुणाचे काही गेले असे कुणालाच वाटत नाही. ते सोयीचे विशेषण रुळवण्यात आपल्या साहित्याचाही हात आहे. यापुढे ‘उजाड माळ’ शिकवताना निदान एवढे विचारावे: उजाड, पण कुणाच्या लेखी?