दंडाची रक्कम आणि कायद्याची पत

चौकात वाहतूक पोलिसाने दुचाकी बाजूला घ्यायला लावली, की पुढे दोनच गोष्टी संभवतात : पावती फाडली जाते, नाही तर ‘तडजोड’ होते. गुन्हा बहुधा किरकोळ असतो. डोक्यावर हेल्मेट नसते, परवाना घरी राहिलेला असतो, किंवा नंबरप्लेटवरील इंग्रजी चार आणि एक हे आकडे अशा खुबीने वळवलेले असतात की त्यांचा ‘दादा’ व्हावा. अशा गुन्ह्यांना आळा घालण्याचा मार्ग म्हणजे दंड वाढवणे, अशी आपल्या राज्यकर्त्यांची समजूत दिसते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात किरकोळ गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेवर नेला. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजार झाला. ही वाढ खुद्द राज्यांनाच पेलली नाही. गुजरातने काही दंड त्याच महिन्यात कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणीसाठी डिसेंबर २०२१ उजाडू दिला आणि हेल्मेट नसल्याचा दंड केंद्राच्या हजार रुपयांऐवजी पाचशेच ठेवला.

या वाढीमागील तर्कशास्त्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले की, गुन्हा करू पाहणारा मनुष्य दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा एकत्र हिशेब करतो. पोलीस वाढवायचे तर खर्च येतो. दंड वाढवायला केवळ शाई लागते. तेव्हा पोलीस थोडे ठेवा आणि दंड जबर करा, असा या विवेचनाचा एक निष्कर्ष निघतो. परंतु दंडाची रक्कम सरकारी तिजोरीतच पोचते, हे त्यात गृहीत आहे. दंड पाच हजारांचा असेल आणि तडजोड पाचशेत होणार असेल, तर देणारा साडेचार हजार वाचवतो, घेणारा पाचशे मिळवतो आणि तोटा केवळ अनुपस्थित असलेल्या समाजाचा होतो. दंड जितका मोठा, तितका हा सौदा दोघांनाही अधिक किफायतशीर. स्वतः बेकर यांनीही जॉर्ज स्टिगलर यांच्यासह १९७४ मध्ये या दुखण्याची दखल घेतली होती.

ई-चलनाने ही घासाघीस संपेल, असे सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण छायाचित्र निघाले म्हणजे दंड वसूल झाला असे नव्हे. थकबाकी साचली म्हणून तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकीस्वारांना दंडाच्या केवळ चतुर्थांश रकमेवर मोकळे केले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी सूट दिली. ज्या कारकुनाने वा विद्यार्थ्याने दंड मुदतीत भरला, तो यात मूर्ख ठरला. ज्याने संदेशांकडे दुर्लक्ष केले, तो शहाणा. १९९७ च्या स्वेच्छा उत्पन्न प्रकटीकरण योजनेवर प्रामाणिक करदात्यांचा जो आक्षेप होता, तोच येथेही लागू पडतो.

नंबरप्लेटचा गुन्हा किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, तो याच कारणासाठी. पाटी वाचता आली नाही, तर कॅमेरा निरुपयोगी ठरतो. चुकीची वाचली गेली, तर दंडाचा संदेश निरपराध्याच्या दारी जातो. परंतु १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी लावण्याची मुदत महाराष्ट्रात २०२५ मध्ये पुनःपुन्हा वाढवावी लागली. वाढत जाणारी मुदत नागरिकाला एकच धडा देते : थांबून पाहावे.

दंडाचे ओझेही सर्वांना सारखे नसते. पाचशे रुपये मोटारमालकाच्या खिजगणतीत नसतात. रोजंदारीवरील मजुराची ती दिवसाची मिळकत असू शकते. फिनलंडमध्ये १९२१ पासून काही दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारले जातात. मिळकतीची विश्वसनीय नोंद नसलेल्या आपल्या देशात ती पद्धत सहजी रुजणार नाही. पण पहिल्या गुन्ह्याला माफक दंड आणि पुनरावृत्तीला चढता दंड, एवढे तर जमण्यासारखे आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत द्यावी, असा नियम केंद्राने २०२१ मध्ये केला. तो काटेकोरपणे पाळावा, चुकीच्या चलनाविरुद्धची तक्रार झटपट निकालात काढावी आणि सवलतींचे हंगाम कायमचे बंद करावेत. सदोष पाटी बदलण्यास मात्र आधी आठवडाभराची संधी असावी. हेतू पाटी सुधारण्याचा आहे, तिजोरी भरण्याचा नव्हे.

खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते, असे ग्रेशॅमचा नियम सांगतो. चौकातील तडजोड पावतीचे नेमके हेच करते. सामान्य नागरिकाची शासनाशी समोरासमोर गाठ क्वचितच पडते. पडते ती बहुधा अशाच एखाद्या चौकात. नुकतीच गाडी हाती आलेला विद्यार्थी तेथे जे शिकतो, ते नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक काळ त्याच्या लक्षात राहते. तेथे त्याला लहानशी का होईना, पण रीतसर पावती मिळाली पाहिजे. आणि ती मागून घेण्याचे कर्तव्य आपलेही आहे.