शांतिसेना आणि स्वारी

दोन्हींकडे बंदुका, दोन्हींकडे गणवेश. मग परदेशांत शिरलेल्या एका सैन्यास शांतिसेना म्हणावयाचें आणि दुसऱ्याच्या येण्यास स्वारी, असें कां? हा प्रश्न इतिहासाच्या तासाला मुलें हटकून विचारतात. ‘ज्याचा हेतु चांगला ती शांतिसेना’ हें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. चांगला हेतु सांगितल्यावांचून स्वारी करणारा राजा इतिहासांत विरळाच!

विद्यार्थिमित्रहो, १९५६ सालचा इजिप्त पाहा. जुलैमध्यें नासर यांनीं सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. २९ ऑक्टोबरला इस्रायलनें सिनाईंत सैन्य घातलें. दुसऱ्याच दिवशीं ब्रिटन व फ्रान्स यांनीं दोन्ही पक्षांस कालव्यापासून दहा मैल दूर राहण्याविषयीं निर्वाणीचा खलिता धाडला. म्हणजे इजिप्तनें स्वतःच्याच देशांत, स्वतःच्याच कालव्यापासून मागें सरावयाचें! त्यानें नकार देतांच बाँबवर्षाव झाला आणि ५ नोव्हेंबरला पोर्ट सैद येथें छत्रीधारी शिपाई उतरले. आम्ही भांडणाऱ्यांस दूर करावयास आलों, असें त्यांचें म्हणणें. वस्तुतः हें भांडण या तिन्ही राष्ट्रांनीं अवघ्या पांच दिवस आधीं फ्रान्समध्यें सेव्र येथें गुप्त करार करून ठरविलें होतें.

त्याच महिन्यांत तेथें दुसरें सैन्य आलें. कॅनडाचे मंत्री लेस्टर पिअरसन यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें तें उभारलें. भारताचेहि जवान त्यांत होते. इजिप्तची संमति मिळाल्यावरच तें आंत आलें. बंदूक केवळ आत्मरक्षणापुरती. इंग्रजांच्या राणीचें नांव लावणारी कॅनडाची एक पलटण इजिप्तला नको होती. सूचना कॅनडाची असूनहि ती पलटण आली नाहीं. डिसेंबरच्या २२ तारखेपर्यंत ब्रिटन व फ्रान्स यांच्या फौजा परत गेल्या.

खरी कसोटी पुढें, १९६७ च्या मे महिन्यांत लागली. नासर यांनीं शांतिसेनेस निघून जाण्यास सांगितलें. सरचिटणीस ऊ थांट यांनीं ती परत बोलाविली, आणि ५ जूनला युद्ध पेटलें. पुष्कळांनीं त्यांस दोष दिला. मला तो मान्य नाहीं. यजमानानें ‘जा’ म्हटल्यावर हत्यारांच्या बळावर ठाण मांडणाऱ्या सैन्यास शांतिसेना कोण म्हणेल? सीमेच्या पलीकडे, आपल्या भूमीवर, इस्रायलनें तर तिला कधींच थारा दिला नव्हता. मात्र या नियमाची किंमत मुलांपासून लपवूं नये. गाझा येथील भारतीय तुकडी अद्याप निघाली नव्हती. युद्ध तिच्यावर कोसळलें, आणि त्या भांडणाशीं ज्यांचा कसलाहि संबंध नव्हता असे आपले कांहीं जवान तेथेंच कामास आले.