नागलीचा भाव

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिककडील मोटारी जव्हारच्या दिशेने वळू लागतात. लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा सुमारे 300 फूट उंचीवरून कोसळताना पाहावा, जयविलास राजवाडा पाहावा आणि सायंकाळी परतावे, असा बहुतेकांचा बेत असतो. मुकणे घराण्याचे हे जुने संस्थान सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसलेले आहे. 2014 साली पालघर जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. पर्यटक ज्या हिरव्या उतारांची छायाचित्रे घेतात, ते उतार म्हणजे तेथील आदिवासी कुटुंबांचे वर्षभराचे अन्न होय.

या वरकस जमिनीवर नागली (अन्यत्र जिला नाचणी म्हणतात), वरई, उडीद आणि खुरासणी पिकते. सखल खाचरांत भात होतो. उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेल्या जागेत पहिल्या पावसाबरोबर रोप वाढवावयाचे आणि मग एकेक रोप उपटून उतारावर लावावयाचे, असे हे कष्टाचे पीक. रोजच्या ताटात नागलीची किंवा तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात शेवळी, टाकळा, करटोली अशा रानभाज्या असतात. धान्य संपले की रानातील कंद खणावे लागतात. कडूकंद चिरून, पुनःपुन्हा उकळून आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवितात. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांनी हे ध्यानी घ्यावे की, भरल्या कोठारापुढे केलेला त्याग आणि रिकाम्या कणगीपुढे केलेली निवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये साऱ्या महाराष्ट्राला हादरविले होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. नागली हे अत्यंत टिकाऊ धान्य आहे. तिला सहसा कीड लागत नाही. नीट वाळवून ठेवली तर ती कित्येक वर्षे टिकते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. असे धान्य पिकविणाऱ्याच्या घरात आषाढात ते का नसावे?

कारण रोख पैशाची निकड. मळणी होताच कपडालत्ता, औषधपाणी आणि जुनी देणी समोर उभी राहतात, आणि खावटीसाठी ठेवावयाचे धान्यही बाजारात जाते. मग दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा धान्य विकत घ्यावे लागते.

व्यापारी घरांना परिचित अशा हिशेबाने हे पाहू. समजा, कार्तिकात 25 रुपये किलोने विकलेली नागली आषाढात 40 रुपयांनी परत घ्यावी लागली. आठ महिन्यांत 25 रुपयांवर 15 रुपये, म्हणजे 60 टक्के. वर्षाचा दर 90 टक्के. हे व्याज कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. याउलट कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत भात, उडीद अशा पिकांवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी 6 टक्के दराने मिळू शकते. परंतु दोन-चार पोती माल असणाऱ्याला गोदामापर्यंतची वाटच परवडत नाही. शासनाची खावटी योजनाही 1978 मध्ये सुरू झाली होती. कोरोनाच्या काळात तिच्यातून प्रत्येक कुटुंबास 4,000 रुपयांचे साह्य, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, देण्याचे ठरले. त्याने संकटातील काही दिवस निभावतात. दरवर्षीचे चक्र मात्र थांबत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्या नागलीला शहर गरिबांचे अन्न समजत होते, ती सुबक पाकिटांत दुकानांच्या फळीवर आली. 2024-25 साठी तिचा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता. मागणी वाढली, ही गोष्ट चांगलीच. मात्र वाढलेल्या मागणीमुळे पिकविणाऱ्याच्या कणगीतील शेवटची पायलीही उचलली गेली, तर शहराचे आरोग्य त्याच्या मुलांच्या वाट्यातून आलेले ठरेल.

यावर उपाय व्यापाऱ्याच्या हाती पुष्कळ आहे. खरेदी करताना घरची खावटी बाजूला ठेवली आहे काय, एवढे विचारावे आणि उरलेलाच माल घ्यावा. वजन समोर करावे, भाव हमीभावाखाली नेऊ नये. निकड असलेल्या कुटुंबास धान्य तारण ठेवून माफक दराने उचल द्यावी आणि ते धान्य त्यालाच आषाढात परत न्यावयाची मुभा असावी. गावाने मिळून धान्य बँक उभारली असेल, तर तिला कोरडी जागा आणि चोख हिशेब यांची जोड द्यावी. दुकानदारी जाणणाऱ्या घरांना यातील एकही गोष्ट अवघड नाही. नफा थोडा कमी होईल. परंतु पुढील वर्षी तोच शेतकरी त्याच दुकानाची पायरी विश्वासाने चढेल, आणि व्यापारात याहून टिकाऊ भांडवल दुसरे नाही.