छातीवरचे कापड आणि कंपनीचा शिक्का

खेळाडूच्या शर्टाविषयी या पानावर लिहावे, हे आपल्या काही कार्यकर्त्यांना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. वसई-विरारचे पाण्याचे, घरांचे आणि लोकलच्या गर्दीचे प्रश्न संपले काय, असेही कोणी विचारील. ते संपलेले नाहीत. परंतु दिवसभर वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत राबून किंवा चर्चगेटपर्यंत लोंबकळत जाऊन-येऊन जी मुले रात्री व्यायामशाळेत लोखंड उचलतात, त्यांच्या बळाचे माप कोणी आणि कोणत्या नियमाने घ्यावे, हा प्रश्न आपला नाही असे कसे म्हणता येईल?

पॉवरलिफ्टिंगमधील बेंच प्रेस हा प्रकार समजायला अगदी सोपा आहे. बाकावर उताणे पडावे, लोखंडी दांडा छातीवर आणून स्थिर करावा आणि पंचाची आज्ञा होताच हात पूर्ण सरळ होईपर्यंत तो वर रेटावा. आखाड्यातील जोर-दंडाशी नाते सांगणारा हा व्यायाम आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील टेक्सासच्या जॉन इन्झर यांनी त्यासाठी एक विशेष शर्ट बाजारात आणला आणि हा साधेपणा संपुष्टात आला. शर्ट ताठर पॉलिएस्टरचा, अंगाला करकचून बसणारा आणि बाह्या पुढच्या दिशेने शिवलेला. दांडा खाली येऊ लागला की कापड ताणले जाते आणि वर रेटताना तोच ताण धनुष्याच्या दोरीप्रमाणे हातांना साहाय्य करतो. तो अंगात चढवायला दुसऱ्यांची मदत लागते. वजन पुरेसे नसेल तर दांडा छातीला टेकतसुद्धा नाही.

या कापडाने किती फरक पडतो? शर्टाविना ज्युलियस मॅडॉक्स यांनी २०२१ मध्ये ३५५ किलो उचलले. अनेक थरांचे शर्ट चालणाऱ्या अमेरिकी संघटनांच्या स्पर्धांत हा आकडा ६०० किलोच्या पलीकडे गेला आहे. मधले अंतर सगळेच कापडाचे नव्हे. शर्ट वापरणे हेही एक कौशल्य आहे, आणि त्याने खांद्याला आधार मिळतो हेही मान्य केले पाहिजे. तरीही कंपन्यांमधील चढाओढ याच अंतरावर पोसली गेली. टेक्सासच्याच इन्झर आणि टायटन, फिनलंडची मेटल, प्रत्येकीचा नवा शर्ट जुन्यापेक्षा अधिक किलो मिळवून देणारा म्हणून विकला गेला.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने यावर मर्यादा घातली. शर्ट एकाच थराचा हवा, हा नियम योग्यच होय. पण त्याच्या जोडीला मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आली. कंपनीने शुल्क भरावे, माल तपासून घ्यावा, मग तिचे नाव यादीत यावे. यादीबाहेरचा शर्ट मापात कितीही चोख असला तरी आंतरराष्ट्रीय मंचावर तो बाद. असा एक शर्ट शंभर-दोनशे डॉलरचा असतो. टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे. व्यायामशाळेने दोन शर्ट सामुदायिक मालकीचे घेऊन ठेवावेत, हा आपला नेहमीचा उपायही येथे निरुपयोगी ठरतो, कारण एकाच्या छातीचा शर्ट दुसऱ्याला चालत नाही आणि वजनगट बदलला की स्वतःचाही चालत नाही.

महासंघाने २०१२ मध्ये स्टॉकहोमला शर्टाविना होणाऱ्या ‘क्लासिक’ प्रकाराची विश्वचषक स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षापासून त्याची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सामान्य घरच्या खेळाडूला त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. परंतु यादी मात्र गेली नाही. ती शर्टावरून अंगातल्या सिंगलेटवर, कंबरपट्ट्यावर, मनगटाच्या पट्टीवर सरकली. या बाजारात ब्रिटनच्या एसबीडी कंपनीने आपले बस्तान बसवले आहे. शेफील्ड येथे २०२३ पासून ती मोठ्या बक्षिसांची स्पर्धा घेते आणि त्यातून खेळाडूंच्या हाती पैसा पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याचा माल विकला जातो तोच खेळाचा आश्रयदाता झाला, तर पंचाच्या खुर्चीवर दडपण राहणारच.

सामान आणि नियम यांच्या या युतीचा चटका आपल्या देशाने पूर्वी खाल्लेला आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. केवळ मैदानामुळे हरलो असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. परंतु ते मैदान ज्यांना परवडत होते त्यांच्या सोयीने खेळ बदलला, हे तर खरेच ना?

शिक्क्याचे समर्थक म्हणतात की प्रत्येक कापड तपासणे पंचाला शक्य नाही, म्हणून नाव पाहून निर्णय घेणे भाग आहे. क्रिकेटकडे पाहिले तर हा युक्तिवाद टिकत नाही. १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरले, त्यावरून रण माजले आणि पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. २०१७ मध्ये जाडीवर बंधन आले: कड ४० मिलिमीटर, खोली ६७ मिलिमीटर. पंच साच्यातून बॅट सरकवून पाहतो. ती मेरठच्या कारागिराने घडवली की इंग्लंडच्या कारखान्याने, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. कापडाचे थर मोजणे याहून अवघड आहे काय?

शर्टाविना बेंच प्रेसचा दर्जा घसरतो, ही समजूतही खोटी आहे. अपंगांच्या पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हाच एकमेव प्रकार असतो आणि तेथे आधार देणारा शर्ट निषिद्ध आहे. त्याच मंचावर राजिंदरसिंग रहेलू यांनी २००४ मध्ये अथेन्सला कांस्यपदक मिळवले आणि सुधीर यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

जागतिक विक्रमासाठी महासंघाने आपली यादी खुशाल सांभाळावी. परंतु तालुका आणि जिल्हा पातळीवर त्या यादीचे अनुकरण करण्याचे काहीच कारण नाही. वसईत डिसेंबरअखेर कला-क्रीडा महोत्सव भरतो, महापालिका मैदाने देते आणि क्रीडेवर खर्च करते. तो पैसा करदात्यांचा आहे. जेथे बेंच प्रेसच्या स्पर्धेला असे मैदान वा साहाय्य मिळते, तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी आयोजकांकडे आग्रह धरावा: मुख्य स्पर्धा शर्टाविना व्हावी, शर्टाचा गट ठेवायचाच असेल तर बक्षिसे त्याच्यासाठी राखून ठेवू नयेत, आणि पोशाखाचा नियम कापड, थर व रुंदी सांगणारा असावा, त्यात कोणत्याही कंपनीचे नाव असू नये. वजन घेण्याच्या टेबलावर एक मोजपट्टी ठेवली की काम भागते. सिंगलेट आणि पट्टे शिवणारे हात तर आपल्याच गाळ्यांतून आहेत.