पदवी घरबसल्या, पण वर्ग गावातच हवा



पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत आपली अनेक मुले पाळीत राबतात. नोकरी सोडून वित्त विषयात एम.बी.ए. करणे त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठीच इग्नू (१९८५) आहे, आणि आपल्या धारच्या राजा भोजाचे नाव मिरवणारे भोपाळचे मुक्त विद्यापीठही (१९९१). मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीचीच, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. प्रवेशापूर्वी मान्यता तेवढी तपासा.

खरी अडचण पुढे आहे. माल उधारीवर गेला, पैसे नव्वद दिवसांनी येणार, पगार मात्र दरमहा द्यायचा. नफ्यातला कारखानाही खेळत्या भांडवलावाचून अडतो. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असा २००६ चा कायदा सांगतो. पुस्तकातून हे कळते. ताळेबंद समोर ठेवून शिकवणारा भेटला तरच वळते.

म्हणून मते मागायला येणाऱ्यांना ठणकावून सांगा: नोकरदारांसाठी रविवारचे वर्ग आणि परीक्षा केंद्र जिल्ह्यातच हवे. आणि आपल्यातील निवृत्त बँकवाल्यांनो, लेखापालांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ या मुलांना द्या. सरकार जागे होईपर्यंत आपण झोपून चालणार नाही.